नवीन लावलेलं कलम मेलंय की जिवंत आहे, कसं ओळखायचं? (उपटण्याआधी सल्ला हवाय)

बालाघाटी
११ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी नोकरीला पुण्यात, शेत भूम तालुक्यात. यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊण एकरात केशर आंब्याची १२० कलमं लावली, पाच बाय पाच मीटरवर. खड्डे मे महिन्यात घेऊन तापू दिले होते. शेणखत, पोयटा सगळं रीतसर. पाऊस होता तोवर कलमं अशी टवटवीत होती की बघत बसावं. दसऱ्यानंतर माझं गावी जाणं झालं नाही. दिवाळीत गेलो तर २२ कलमं वाळलेली. पानं तपकिरी, हातात धरली की पापडासारखी मोडतात. उरलेली ९८ बरी आहेत.

आबा म्हणतात, "आरं जळून गेली ती, उपटून फेक आन् हिरीला पाणी हाय तवर दुसरी लाव." माझा हात होत नाही. कलमाला १३० रुपये मोजलेत. त्यात बाग भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत बसवलीय. अनुदान तीन वर्षांत ५०-३०-२० टक्के असं येतं आणि पुढचे हप्ते झाडं जगलीत का ते बघून. म्हणजे मेलेल्याच्या जागी वेळेत नवीन लावणं भाग, आणि जिवंत उपटलं तर पायावर धोंडा.

तर प्रश्न एवढाच, मेलंय हे *नक्की* कसं ठरवायचं?

---

उपटसुंभ
११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

वाळलं म्हणजे मेलं. उपटा. वडिलांचं ऐका कधीतरी.

---

गच्चीवरची_बाग
११ नोव्हेंबर, रात्री १०:३१

उपटसुंभ, नावाला जागलात अगदी! :)

बालाघाटी, माझी बाग कुंड्यांतली, तुमच्यासारखी शेती नाही, पण ही परीक्षा सगळीकडे तीच. शेंड्याकडच्या काडीवर अंगठ्याच्या नखाने साल अगदी हलकी खरवडायची, आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढीच जागा. आत ओलसर हिरवं दिसलं, सालासकट मुगासारखं, तर ती काडी जिवंत. तपकिरी आणि कोरडं भुसभुशीत निघालं तर तेवढी काडी गेली. *तेवढीच* गेली, झाड नव्हे. मग चार बोटं खाली यायचं, पुन्हा खरवडायचं. हिरवं सापडेपर्यंत किंवा जमीन लागेपर्यंत.

काडी वाकवूनही कळतं. जिवंत काडी वाकते, मोडलीच तर चिवटपणे, सालीचे धागे ओढत मोडते. मेलेली कट्‌कन तुटते.

एक विनंती, एकदा खरवडलंत की पुरे. आमच्या सोसायटीत नवीन लावलेल्या बकुळीला येणारा-जाणारा प्रत्येकजण नख लावून बघायचा. शेवटी वीतभर खोडाची साल चहूबाजूंनी निघाली आणि जिवंत असलेली बकुळ तपासणीत गेली.

---

कातळावरचा
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:१८

वर ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण कलमाच्या बाबतीत ते अर्धंच. मी राजापूरकडचा, हयात हापूसच्या कलमांत गेली, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

नख लावण्याच्या आधी पानं बघा. वाळलेली पानं कलमाला चिकटून आहेत की गळून पडलीत? झाड पान टाकतं तेव्हा देठाच्या बुडाशी एक थर तयार करून ते पान सोडवतं. हे काम जिवंत झाडच करू शकतं. त्यामुळे पानं गळून काडी नागडी झाली असेल आणि देठाच्या जागी स्वच्छ खूण असेल तर मला आशा असते, झाडाने पाणी वाचवायला पानं टाकली म्हणायचं. पानं वाळून जागच्या जागी लटकलीत आणि ओढली तरी निघत नाहीत, तर तेवढा भाग झाडाला सोडवायला वेळच मिळाला नाही, एकाएकी गेला.

मग डोळे बघा, शेंड्याचे आणि पानांच्या बगलेतले. फुगीर, ताठ डोळा असेल तर काही न करता गप्प बसा. डोळा सुकून काळा पडला, नखाने टिचकी मारताच गळला, तर खाली उतरा.

आता कलमाची गोष्ट. जमिनीपासून वीतभर, कधी त्याहून खाली, एक सांधा दिसेल. तिथे खोड किंचित फुगलेलं असतं, साल वेगळी दिसते, कुठे प्लॅस्टिकची पट्टी राहिलेली असते. सांध्याच्या वर तुमची केशर, सांध्याच्या खाली रायवळ कोयीचा खुंट. एका बुडावर ही दोन झाडं आहेत असं समजा. खरवडत खाली जाताना हिरवं सांध्याच्या वर लागलं तर तुमचं केशर जिवंत. हिरवं सांध्याच्या खालीच लागलं तर झाड जिवंत आहे, पण तुम्ही पैसे दिलेत ते मेलंय. त्याला उद्या पालवी फुटेल, तुम्ही पेढे वाटाल, आणि सहा-सात वर्षांनी त्याला कोय मोठी नि गर कमी असला कुठलासा रायवळ लागेल.

तेव्हा "जिवंत की मेलेलं" हा प्रश्न कलमाला पुरत नाही. जिवंत आहे ते *काय*, हे विचारा.

---

वऱ्हाडी_ठेचा
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

कातळभाऊ, लाख बोललात. आमच्या इकडं संत्र्याचे डोळे जंबेरीच्या खुंटावर भरतात. आमच्या काकाच्या वावरात पहिल्या उन्हाळ्यात तीसेक झाडं वाळली अन् मग पावसाळ्यात अशी काही फुटली की काका गावभर सांगत फिरले, माहे संत्रे मरून जगले म्हणून. तीन-चार वर्षं खत-पाणी, फवारे, सगळं केलं. फळ धरलं तं काय, जाड खरबुडी सालीची आंबट ढोण जंबेरी! लोणच्याले बी कोणी विचारेना. पानावरून, काट्यावरून आधीच समजून जायला पायजे होतं, पण झाड हिरवं आहे ना, म्हणून कोणी पाह्यलंच नाही.

---

शंकासुर
१२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

दोन बारीक दुरुस्त्या, वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही.

पहिली. आपण नखाने जे हिरवं बघतो ते कोवळ्या सालीतलं हरितद्रव्य. खोड जाड करणारा कॅम्बियमचा थर त्याच्याही आत असतो आणि तो हिरवा नसतो, बुळबुळीत, जवळजवळ रंगहीन असतो. फरक कशाला पडतो? तर जुन्या, जाड सालीच्या खोडात हिरवं दिसत नाही. आतली साल पांढरट, पिवळसर, कधी गुलाबी असते आणि तरी झाड ठणठणीत असतं. म्हणून कोवळ्या काडीवर हिरवं शोधा, जाड खोडावर *ओलं* शोधा. वड, पिंपळ, फणस, चाफा यांना टोचलं की चीक येतो, तिथे एवढीही मेहनत नको.

दुसरी. पानं चिकटून राहणं हे बहुतेक वेळा वाईट लक्षण आहे, कायम नव्हे.

---

न्यूजर्सीचा_नाना
१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

शंकासुरांच्या दुसऱ्या मुद्द्याला दुजोरा. आमच्याकडचे काही ओक वृक्ष वाळकी पानं अंगावर घेऊन अख्खा हिवाळा काढतात, वसंतात नवीन पानांनी ढकलल्यावर ती पडतात. पहिल्या वर्षी मी परसातल्या ओकासाठी माणूस बोलावणार होतो, शेजारीण हसली.

इथे सफरचंदाची झाडं मातीशिवाय, नुसती मुळं ओल्या भुशात गुंडाळून येतात. खोका उघडला की आत काठी. मार्चअखेर दोन काठ्या पुरल्या. एकीला मेच्या सुरुवातीला पानं आली, दुसरी ढिम्म. बायको म्हणाली, तुम्ही रोज जाऊन एका काठीशी काय बोलता? खरवडलं तर हिरवं होतं. जूनचा पहिला आठवडा उलटल्यावर फुटली. आता दोघींत तीच जास्त धरते.

---

माडाखाली
१२ नोव्हेंबर, रात्री ८:२२

पेडण्याहून विचारतोय. माडाला हे नखाचं चालतं काय? जूनमध्ये लावलेले दोन कवाथे (माडाची रोपं) आहेत, एकाची बाहेरची झावळं पिवळी पडून लोंबतात.

---

कातळावरचा
१२ नोव्हेंबर, रात्री ९:०५

नाही, माडाला नख लावून काही कळायचं नाही. माड, पोफळ, केळ यांची रचनाच वेगळी, सालीखाली तसला थर नाही. माडाचा सगळा जीव एका जागी, शेंड्यातल्या कोंबात. मधली न उघडलेली सुई बघायची. बाहेरची झावळं पिवळी पडली तरी सुई ताठ, हिरवी आणि महिन्याभरात थोडी वर सरकलेली असेल तर माड जिवंत. सुईवर दोरा बांधून खूण करा, शेजारच्या झावळाच्या मानाने दोरा वर गेला की ती वाढतेय. सुई कोमेजली, हलकी ओढताच हातात आली आणि बुडाला घाण वास असेल तर कोंब कुजला, त्याला पुन्हा शेंडा नाही. उघडलेल्या झावळांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात का तेही बघा, म्हणजे गेंडा भुंगा येऊन गेलाय.

---

माडाखाली
१२ नोव्हेंबर, रात्री ९:४८

टॉर्च घेऊन बघून आलो. सुई घट्ट आहे. देव बरें करूं.

---

बालाघाटी
१६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गावी होतो, दोन्ही दिवस नख. हे माझं निकालपत्र.

२२ पैकी ६ कलमं सांध्याच्या वर हिरवी. ७ फक्त सांध्याच्या खाली हिरवी. ९ जमिनीपर्यंत तपकिरी.

१७ नंबरचं कलम कधी विसरणार नाही. (प्रत्येक खड्ड्याशी दगडावर चुन्याने आकडा टाकलाय, कृषी सहायकांनाही मोजायला बरं पडतं.) शेंडा तपकिरी. चार बोटं खाली तपकिरी. अजून चार बोटं, तपकिरी, वर सालीखालून बारीक भुकटी. आबा शेजारी उकिडवे बसलेले, काही बोलत नव्हते. सांध्याच्या जेमतेम एक पेर वर नख लावलं आणि नखाच्या कडेला हिरवा ओलावा चिकटला. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. आबांनी बोट लावून बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि उठून दुसऱ्या कलमाकडे गेले. त्यानंतरची सगळी त्यांनीच खरवडली.

पानांचं निरीक्षणही जुळलं. त्या ६ पैकी ५ जणांनी पानं टाकलेली होती. ९ मेलेल्यांपैकी आठांची पानं जागच्या जागी लटकलेली.

खोड गार लागलं तर झाड जिवंत असतं, असं गावात एकाने सांगितलं. खरं आहे का?

---

शंकासुर
१७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मोठ्या झाडाच्या खोडातून पाणी वाहत असतं, त्यामुळे फरक पडू शकतो. पण करंगळीएवढ्या कलमावर हाताने तो कळेल असं मला वाटत नाही. सकाळी सगळंच गार लागतं, गुरांचा खुंटासुद्धा.

---

कातळावरचा
१७ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

आता त्या नऊतली तीन-चार उकरून बघा. उपटू नका, खुरप्याने बाजूची माती काढत जा. मेलेलं झाड का मेलं ते सांगितल्याशिवाय जात नाही, विचारावं मात्र लागतं. नाहीतर त्याच खड्ड्यात दुसरं लावाल नि तेही त्याच वाटेने जाईल.

---

उपटसुंभ
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

पोस्टमॉर्टेम! आता १७ नंबरला आयसीयूत हलवा.

---

बालाघाटी
२३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

चार उकरली. लाज वाटते लिहायला, पण इतरांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

दोनांची गोष्ट एकच. बाहेर आमची काळी माती, मूठ वळेल इतकी ओली. आत पिशवीच्या मापाचा लाल मातीचा गड्डा, विटेसारखा कोरडा ठक्क. गड्डा आणि काळी माती यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट! रोपवाटिकेतली लाल माती वेगळी, आमची काळी वेगळी. दिवाळीच्या सुमारास काळी माती आकसून भेगाळली आणि गड्डा एकटा पडला. ठिबकचे ड्रिपर मी खोडापासून दीड फुटावर ठेवलेले, कारण मोठ्या बागेत तसंच बघितलं होतं. म्हणजे रोज पाणी चालू होतं, झाडाच्या शेजारी, आणि झाड तहानेने मेलं.

तिसऱ्यात पिशवी. लावताना खालून कापली, बाजूची तशीच राहिलेली. मुळं आतल्या आत गोल फिरून दोरीसारखी पिळलेली. मजुरांना काय बोलणार, त्या ओळीत मी स्वतः उभा होतो.

चौथं सखल कोपऱ्यातलं. सप्टेंबरच्या मोठ्या पावसात तिथे चार-पाच दिवस पाणी तुंबलेलं. मुळं काळी, साल बोटाने मोज्यासारखी निघून आली, आतला दोरा हातात. वास असा की आबांनी तोंड फिरवलं. वर बुडाला वाळवीची मातीही होती, पण वाळवी नंतर आली असणार, आधी नव्हे.

जिवंत कलमांपैकी दोनांच्या सांध्यावर रोपवाटिकेची प्लॅस्टिक पट्टी तशीच होती, सालीत रुतलेली. ब्लेडने उभी चीर देऊन सोडवली. खाली दोरीने आवळल्यासारखा वळ होता.

---

गच्चीवरची_बाग
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बाई गं, तो ड्रिपरचा परिच्छेद वाचून पोटात तुटलं. शेजारी पाणी आणि झाड तहानलेलं.

---

पहिलीच_पालवी
२४ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

वाचनमात्र होते, धाग्यामुळे लिहितेय. अशा अर्धमेल्या कलमांना युरिया किंवा ते हिरवं मुळं वाढवणारं औषध द्यावं का? दुकानदार देतोय. आणि जीवामृत?

---

कातळावरचा
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

युरिया बिलकुल नको. ज्याला पाणी ओढता येत नाही त्याच्या मुळाशी मीठ टाकण्यासारखं आहे ते, उरलेली कोवळी मुळंही करपतील. फुटवा येऊन पानं पक्की होईपर्यंत कुठलंच रासायनिक खत नको. जीवामृत पातळ करून दिलंत तर बिघडणार नाही, पण त्याने मेलेलं उठत नाही.

बालाघाटींनी आता हे करावं. ड्रिपर उचलून खोडापासून चार-सहा बोटांवर, थेट गड्ड्यावर आणा. मुळं बाहेर पडतील तसा पुढच्या पावसाळ्यानंतर मागे न्या. फटी मातीने बुजवून पहिल्यांदा बादलीने सावकाश पाणी द्या. रोज शिंतोडे नकोत. खुरप्याने वीतभर खोल माती काढून बघायची, हाताला ओल लागली तर पाणी नाही. आळ्यात पाचट किंवा वाळलं गवत, पण खोडाला टेकवू नका, तिथे वाळवीला आयतं घर होतं. मेलेला भाग हिरव्याच्या किंचित वर छाटून, कापाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तुम्हाला वाटीभर पुरेल, त्याच प्रमाणात करा, आणि लोखंडी भांड्यात नको. दक्षिण-पश्चिमेला सावली हवी. आम्ही माडाची झापं उभी करतो, तुमच्याकडे काय मिळतं बघा.

---

बालाघाटी
२४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

तुऱ्हाट्या आणि कडबा. आबांनी आधीच खोपी करायला घेतल्यात. उरलेली पाच मेलेलीही उकरून टाकायची होती, चार काढली. ४१ नंबरचं राहिलं, एसटी चुकली असती.

---

चाफेकळी_ठाणे
१९ जानेवारी, दुपारी ३:४४

धागा वर काढतेय. ऑगस्टमध्ये लावलेला पांढरा चाफा संपूर्ण निष्पर्ण झालाय, नुसत्या बोटांसारख्या फांद्या. गेला का?

---

गच्चीवरची_बाग
१९ जानेवारी, संध्याकाळी ५:१०

अहो, जानेवारीत चाफ्याला पानं असती तर मी विचारलं असतं काय झालं म्हणून! चाफा, सीताफळ, पळस, पांगारा हे थंडीत किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतातच. फांदी दाबून बघा. टणक असेल तर झोपलाय. मऊ पडून, सुरकुतून आत पिचपिचीत लागली तर कुजतोय, तेवढी फांदी निरोगी भागापर्यंत कापा. टणक असेल तर पाणी अगदी कमी करा. झोपलेल्या चाफ्याला रोज तांब्याभर पाणी घालून मारणारी माणसं मी बघितलीत. त्यातली एक मीच.

---

शंकासुर
१९ जानेवारी, रात्री ९:०३

याची उलट बाजूही लिहून ठेवतो, कारण त्यात फसगत जास्त होते. शेवग्याची, पांगाऱ्याची किंवा वडाची फांदी रोवली की पंधरा-वीस दिवसांत पालवी येते. लोक फोटो टाकतात, "जगलं!" ती पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर आणि ओलाव्यावर आलेली असते, खाली मुळाचा पत्ता नसू शकतो. साठा संपला की पानं माना टाकतात. म्हणून पहिल्या पालवीवर विश्वास ठेवू नका. पहिली पानं पक्की होऊन तिच्यावर दुसरी पालवी आली, आणि बुंधा धरून हळूच हलवल्यावर तो मातीत सैल फिरला नाही, की मुळं धरली असं म्हणावं.

---

वऱ्हाडी_ठेचा
१९ जानेवारी, रात्री ९:३०

म्हणजे दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो निघतात ते पहिल्या पालवीच्याही आधीचे. २०१९ ला राज्यात ३३ कोटीचं उद्दिष्ट होतं. नख कोणी लावून पाह्यलं काय म्हणा.

---

बालाघाटी
९ मार्च, रात्री १०:१२

सहाच्या सहा सांगतो असं वाटलं होतं, पण पाच. सांध्याच्या वर हिरव्या असलेल्या ६ पैकी ५ कलमांना सांध्याच्या वरून फुटवा आलाय. तांबूस, लुसलुशीत, केशरचाच. १७ नंबरला सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जोमदार. उरलेलं एक खाली खाली वाळत गेलं, आता खुंटही तपकिरी आहे.

सात खुंटवाल्यांपैकी सहांना सांध्याच्या खालून फुटवे आलेत. आबा खूश आहेत. मी त्यांना जंबेरीची गोष्ट सांगितली तेव्हा जरा कमी झाले.

या सहांचं काय करू? काढून टाकू?

---

कातळावरचा
१० मार्च, सकाळी ६:०५

काढू नका! ही तर तुम्हाला जागेवर बसलेली मुळं फुकट मिळाली. एकेका खुंटावर सरळ जोमदार असा एकच फुटवा ठेवा, बाकीचे खुडा. पावसाळ्यात तो पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्यावर जागच्या जागी पाचर कलम करा. काडी खात्रीच्या केशरवरची, तीन-चार महिने वयाची, तेवढ्याच जाडीची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ राखून कापून ठेवा, डोळे फुगतात, मग काडी काढा. गावात कलमं बांधणारा असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या, पहिल्यांदा स्वतः करून नशिबाला दोष देऊ नका.

आणि ज्या पाचांना वरून फुटवा आलाय, त्यांच्या सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसला की खुडायचा. खुंटाला दया दाखवलीत तर तो वरच्याचं खातो.

---

बालाघाटी
१४ जून, रात्री ९:२७

एक गंमत. ४१ नंबर आठवतंय? एसटीमुळे राहून गेलेलं, जमिनीपर्यंत तपकिरी, आम्ही सगळ्यांनी मेलेलं ठरवलेलं. रोहिणीचा पाऊस झाला आणि जमिनीलगत बुडातून दोन पोपटी कोंब आलेत. ड्रिपर कोणी बंद केलाच नव्हता.

---

कातळावरचा
१५ जून, सकाळी ६:११

चूक माझी. जमिनीपर्यंत खरवडा या ताईंच्या सल्ल्याला बरोबर म्हटलं, माती बाजूला करून चार बोटं खाली बघा म्हणायचं राहिलं. बुडखा मातीखाली ओल धरून असतो. बाकीच्या आठांचं आता काय ते देवाला ठाऊक.

---

बालाघाटी
२ ऑगस्ट, रात्री १०:०१

दहा जागी नवीन कलमं लावली. यावेळी पिशवी मी स्वतः ब्लेडने उभी फाडून काढली, ड्रिपर बुडाशी, सखल कोपऱ्यात चर. सहा खुंटांपैकी दोनांचे फुटवे बारीक होते, ते ठेवून दिले. चारांवर शेजारच्या गावच्या कारागिराने पाचर कलम बांधलं. तीन फुटलीत, एक काळं पडलं.

---

पहिलीच_पालवी
२ ऑगस्ट, रात्री १०:२०

वा! आणि ४१?

---

बालाघाटी
२ ऑगस्ट, रात्री १०:३४

आत्ताच फोन करून विचारलं. आबा म्हणाले, परवा शेळीनं खाल्लं.

---

गच्चीवरची_बाग
२ ऑगस्ट, रात्री १०:३६

अरे देवा. खरवडून बघितलंत का?

---

बालाघाटी
२ ऑगस्ट, रात्री १०:४१

शेळीनेच खरवडलंय. आबा म्हणतात हिरवं आहे.